तीस दिवस, एकही बोंब नाही

कर्टिस वॅनडॉर्नच्या खोलीत भिंतीवर तीन चौकटी होत्या आणि चौथीसाठी खिळा आधीच ठोकलेला होता. प्रत्येक चौकटीत काचेमागे कापलेल्या केबलचा एक तुकडा आणि खाली एका कंपनीचं नाव. एक विम्याची, एक विमानाच्या सुट्या भागांची, एक कपड्यांच्या दुकानांची. कर्टिस ज्या कंपनीत जाई तिथली सर्व्हर रूम दीड-दोन वर्षांत बंद करी, सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या यंत्रांवर चढवी, शेवटची केबल सोनेरी मुठीच्या कात्रीनं कापताना फोटो काढून घेई, आणि आधीपेक्षा मोठ्या कंपनीत, मोठ्या खुर्चीत जाऊन बसे. त्या वर्षांत सिॲटलमध्ये अशी साहेबमंडळी पैशाला पासरी मिळत. बंद केलेल्या खोल्या ते नावापुढच्या पदव्यांसारख्या सांगत.

आमची होल्गेट फ्रूट ही त्याची चौथी. आमचा धंदा सफरचंदांचा. बागा आणि गोदामं डोंगरापलीकडे यकिमाला, आणि मागण्या, ट्रक, पगार हे सगळं चालवणारी तीनशे बारा यंत्रं सिॲटलच्या ऑफिसात तळमजल्यावर, माझ्या ताब्यात. बावीस वर्षं मी ती खोली सांभाळली. यंत्रं तापू नयेत म्हणून खोली गार ठेवावी लागते, त्यामुळे जुलैतसुद्धा माझ्या अंगात स्वेटर असायचा. माझा नवरा म्हणायचा, मार्लिस हरवली तर जिथून घरघर ऐकू येते तिथं शोधा. पुढे नवरा सोडून गेला, घरघर तेवढी राहिली.

कर्टिस आला त्याच आठवड्यात त्यानं मला बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. माणूस गोड होता, तोंडावर खोटं बोलत नसे.

"मार्लिस, ही खोली रिकामी झाली की तुझी नोकरी संपते," तो म्हणाला. "पण ती तूच रिकामी करून दिलीस तर जाताना माझी खुर्ची तुला देऊन जाईन. संचालकांशी बोलून ठेवलंय."

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. आमच्या गावात एक्कावन्नाव्या वर्षी, फक्त तळमजल्यावरची यंत्रं कळणाऱ्या बाईला दारात कुणी उभं करत नाही. म्हणजे खोली रिकामी केली तर खुर्ची, नाही तर पुठ्ठ्याच्या खोक्यात आपला कप आणि कुंडी घालून घरी. मला ती खुर्ची हवी होती. आज सांगायला लाज वाटते इतकी हवी होती.

आणि काम मी चोख केलं. २०१४च्या सप्टेंबरपर्यंत तीनशे अकरा यंत्रांचा निकाल लावला. काहींचं काम क्लाउडवर गेलं, काही नुसतीच भंगारात. यादीत एक राहिलं, एक्केचाळीस नंबरचं. सगळ्यात खालच्या फळीवर, पिवळट पडलेलं, माझ्याही आधीपासूनचं असावं असं. त्याच्यापुढे मालकाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. पाठीमागून एक साधी टेलिफोनची वायर निघून भिंतीत गेलेली. दोन आठवडे आम्ही त्याच्यावर पाळत ठेवली. कुणी माणूस त्याच्यात डोकावलं नाही. दिवसभरात चिमूटभर माहिती त्याच्याकडे येई, तीही कशाची ते कळेना. पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून शाईनं लिहिलं होतं, 'हात लावू नये. ऑ.'

ऑ म्हणजे ऑर्व्हिल स्टेनबर्ग. माझ्या आधी खोली त्याच्याकडे होती. मला काम त्यानंच शिकवलं, आणि निवृत्त होताना लिहून मात्र काही ठेवलं नाही. सगळं त्याच्या डोक्यात. ते डोकं आता बायकोबरोबर मोटारघरातून ॲरिझोनाच्या वाळवंटात हिंडत होतं.

मालक सापडत नसलेल्या यंत्राचं काय करायचं, याची आमच्या धंद्यात एक ठरलेली रीत आहे. तिला बोंब-चाचणी म्हणतात, आणि ती विनोद म्हणून नाही, अगदी कागदोपत्री. यंत्र बंद करायचं आणि बसून राहायचं. ज्याचं काम अडेल तो बोंब मारत येईल, म्हणजे मालक सापडला. तीस दिवसांत कुणीच बोंब मारली नाही तर यंत्र कुणाचंच नव्हतं, उचलून फेकून द्यायचं. मधे एकदा जरी ते सुरू केलं, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. इतकी सोपी रीत आहे की तिच्यात चूक काय असू शकते हे मला वीस वर्षांत कधी सुचलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी मी एक्केचाळीस नंबर बंद केलं. स्वतःच्या हातानं. पंख्याचा आवाज खाली खाली येत थांबला आणि त्या खोलीत मला पहिल्यांदाच स्वतःचा श्वास ऐकू आला. तो मला आवडला नाही. वर येऊन ऑर्व्हिलच्या फोनवर निरोप ठेवला, की एक्केचाळीस नंबर कशासाठी आहे ते सवडीनं कळवा. सवडीनं, असाच शब्द वापरला.

तीस दिवस मोजले तर तिसावा दिवस नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी येत होता. तो कर्टिसनंच हिशेबानं आणला होता. त्याच दिवशी लास वेगासच्या मोठ्या संमेलनात त्याचं भाषण होतं, आमच्या धंद्यातले सगळे बडे लोक समोर. भाषणात पडद्यावर दाखवायची शेवटची पाटी महिनाभर आधीच तयार होती, काळ्यावर पांढरी अक्षरं: तीनशे बारा यंत्रं, तीस दिवस, एकही बोंब नाही.

रीतीप्रमाणे नुसतं बसून चालत नाही, आपणहून विचारावंही लागतं. माझ्या तक्त्यात कंपनीच्या वेगवेगळ्या विभागांतली अठरा नावं होती. प्रत्येकाला फोन करायचा, काही अडलं का विचारायचं आणि नावापुढे लिहायचं, तक्रार आहे किंवा तक्रार नाही. सतरा जणांना मी पहिल्या आठवड्यात उरकलं. सगळे घाईत, सगळ्यांचं बरं चाललेलं. एलिसेओ झवालाला मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण त्याच्याशी बोलताना बरं वाटायचं.

एलिसेओ यकिमाच्या मोठ्या गोदामाचा मुकादम. आम्ही आयुष्यात दोनदाच भेटलो होतो, बाकी सगळी ओळख फोनवरची. दर डिसेंबरला तो मला सफरचंदांची पेटी पाठवायचा आणि त्यात सगळ्यात वर मुद्दाम एक किडकं ठेवायचा. सिॲटलच्या लोकांना फरक कळतो का ते बघायला, म्हणायचा. त्याच्या गोदामात हवाबंद खोल्या आहेत. शरदात सफरचंदं भरली की दारं लावून आतला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन सोडतात, म्हणजे फळ महिनोन्महिने झोपून राहतं, वसंतात काढलं तरी कुरकुरीत. त्या हवेला ना वास, ना रंग. माणूस त्यात दोन श्वास घेतो आणि तिसऱ्याला खाली बसतो. यकिमाला हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून त्या खोल्यांच्या मागच्या, नायट्रोजनच्या नळ्यांच्या बंदिस्त बोळात जाताना सगळे दारावरचा दिवा बघून जातात. हिरवा असला तर जायचं.

मी फोन केला तेव्हा तो जेवत होता. काही बंद पडलंय का, विचारलं.

"माझा गुडघा," तो म्हणाला. "तुमच्या त्या क्लाउडवर चढवता येतो का बघा."

"तिकडे आधीच गर्दी आहे. बाकी?"

"बाकी झकास. फळ चांगलं भरलंय, खोल्या बंद झाल्या. हां, एक झालं बघा. तो गुरुवारचा फोन बंद पडला."

"कुठला गुरुवारचा फोन?"

"दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला इथला फोन वाजायचा. उचलला की पलीकडे कुणी नाही, नुसतं टूं टूं, आणि कट. किती वर्षं झाली देव जाणे. मी नेमका घास तोंडात घालायला आणि तो वाजायला एकच गाठ. आता दोन गुरुवार झाले, गप्प. आमची इथली नोएमी म्हणते, मैत्रीण रुसली वाटतं तुमची." आणि तो घास चावत चावत हसला.

हे मी तेव्हाच ओळखलं असं म्हणणार नाही, पण ओळखलं नाही असंही म्हणता येणार नाही. मंगळवारी मी यंत्र बंद केलं. त्याच्या पाठीतून टेलिफोनची वायर निघते. त्यानंतर दोन गुरुवार गेले. एवढी बेरीज करायला माझ्यासारखी बाई कशाला लागते? पण बेरीज केली असती तर यंत्र सुरू करावं लागलं असतं, दिवस पुन्हा एकपासून, पाटी खोटी, आणि मी खोकं घेऊन घरी.

"बरं झालं की," मी म्हणाले. "आता सुखानं जेव."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे लिहिलं, तक्रार नाही.

त्यानंतर झोप उडाली म्हणावी तर तसंही नाही. झोपत होते, जेवत होते. फक्त तळमजल्यावर जायचं टाळत होते. एकदा गेले तेव्हा रिकाम्या फळ्यांच्या रांगेत ते एकटं पिवळट खोकं चिकटपट्टी मिरवत बसलं होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून हवं ते घेऊन वर आले. ऑर्व्हिलला आणखी एक निरोप ठेवला. या वेळी 'सवडीनं' म्हणाले नाही. पण त्या वाळवंटात फोन लागत नाही हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचंही होतं.

बाविसाव्या दिवशी मात्र राहवलं नाही. कर्टिसकडे गेले आणि म्हणाले, एक्केचाळीस नंबर आठवडाभर सुरू करून बघू या, माझं मन मला खातंय.

त्यानं लॅपटॉप मिटला. हे त्याचं कौतुकास्पद होतं, समोर माणूस आलं की तो लॅपटॉप मिटायचा.

"कुणी बोंब मारली?"

"नाही."

"अठरापैकी एकानंही?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुला खातंय काय?"

"त्याच्यावर लिहिलंय, हात लावू नये."

तो हसला, पण टर उडवून नाही. म्हणाला, मार्लिस, मी तीन खोल्या बंद केल्या, प्रत्येक खोलीत असं एक भूत असतं. विमा कंपनीत तर एका यंत्रावर येशूचं चित्र चिकटवलं होतं. उघडून बघितलं तर आत कुणीतरी पत्त्यांचा खेळ टाकून ठेवलेला. मग तो उठला, त्या रिकाम्या खिळ्याला बोट लावून तो पक्का आहे का बघितलं आणि म्हणाला, "तू बावीस वर्षं तिथं काढलीस. तुला ती खोली सोडवत नाहीये, एवढंच आहे. याच्यापुढे तुला अशाच गोष्टी सोडायला लावायच्या आहेत लोकांना."

एलिसेओचं नाव मी काढलं नाही. काढलं असतं तर कर्टिसनं काय केलं असतं? मला वाटतं, त्यानं यंत्र सुरू करायला लावलं असतं. तो इतका वाईट नव्हता. म्हणूनच मी ते नाव काढलं नाही.

तिसाव्या दिवशी आम्ही लास वेगासला होतो. कर्टिसनं मला पहिल्या रांगेत बसवलं. सकाळी नाश्त्याला त्याची कुणाशी तरी गाठ झाली होती आणि पाचवी कंपनी जवळजवळ ठरली होती, त्यामुळे गडी खुशीत. भाषण साडेअकराला सुरू झालं. तो छानच बोलतो. आमच्या तळमजल्याची थट्टा केली, माझ्या स्वेटरची केली, मला उभं राहायला लावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती काळी पाटी आली. तीनशे बारा यंत्रं, तीस दिवस, एकही बोंब नाही. हजारेक माणसं बोंबेची रीत ओळखून हसली आणि तेवढ्यात माझ्या मांडीवर फोन थरथरला. ऑर्व्हिल.

मी वाकून, माणसांच्या गुडघ्यांना धडकत, सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात आले.

"पोरी, तुझे दोन निरोप आज एकदमच मिळाले," तो म्हणाला. "आत्ता कुठे गावात आलोय, पाणी भरायला. एक्केचाळीसला काय झालं?"

"ते काय करतं, ऑर्व्हिल?"

"ते फोन करतं. यकिमाच्या मागच्या बोळातला प्राणवायू कमी झाला की ते मुकादमाला फोन करतं, त्यानं उचलला नाही तर त्याच्या घरी, आणि मग अग्निशमनवाल्यांना. नायट्रोजनच्या नळ्या जुन्या आहेत ना तिथल्या."

"दारावर दिवा असतो. भोंगा असेल."

"भोंगा दार उघडलं की उगाच बोंबलायचा म्हणून मीच तोडला. दिवासुद्धा एक्केचाळीसच लावतं. त्यानं सांगितलं तर लाल होतो, नाही सांगितलं तर हिरवाच. आणि आपलं ते जिवंत आहे हे कळावं म्हणून दर गुरुवारी बाराला एक फोन करतं. तो फोन चुकला की मुकादमानं मला कळवायचं, असं ठरलं होतं." मग तो म्हणाला, "म्हणजे आधीच्या मुकादमाशी ठरलं होतं. मार्लिस, तू ते बंद तर नाही ना केलंस?"

मी फोन तोडला आणि गोदामाचा नंबर लावला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं होती. आतून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मी मनात म्हणत होते, जेवत असशील ना, घास तोंडात असेल ना तुझ्या, उचल.

नोएमीनं उचलला.

"एलिसेओ कुठंय?"

"मागच्या बोळात गेलेत, नमुने काढायला. बराच वेळ झाला खरं. हाक मारू का?"

"आत जाऊ नकोस. कुणाला जाऊ देऊ नकोस. ट्रक लागतात ती मोठी दारं उघड, सगळी, आणि अग्निशमनवाल्यांना बोलाव. हवा गेलीय तिथली."

"नाही हो," ती म्हणाली. "दिवा हिरवा आहे. मला इथून दिसतोय."

"नोएमी, दिवा खोटा आहे."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, तिची धावती पावलं, आणि लांबवर लोखंडी दारं वर सरकल्याची खडखड, एक, मग दुसरं. ती शहाणी पोरगी, आधी दारं उघडली म्हणून वाचली. मी फोन कानाला लावून त्या व्हरांड्यात उभी होते. कितीतरी वेळानं पलीकडून कुणीतरी रडतंय असं ऐकू आलं. माझ्या मागचा दरवाजा उघडला, भाषण संपलं होतं, आणि लोक बाहेर येता येता माझ्या खांद्यावर थाप मारून अभिनंदन करत होते.

एलिसेओ बोळाच्या टोकाला भिंतीला टेकून बसलेला सापडला, मांडीवर नमुन्याची टोपली तशीच. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. असं ते नेहमी म्हणतात.

चौकशी झाली, अगदी रीतसर. नळी कुठे फुटली ते सापडलं. भोंगा कुणी तोडला ते सापडलं, ऑर्व्हिलनं स्वतःच सांगितलं, म्हातारा माणूस, टेबलावर डोकं ठेवून रडला. कर्टिसनं ती पाटी भाषणातून काढून टाकली आणि जानेवारीत पाचव्या कंपनीत गेला. जाताना चौकटी घेऊन गेला. खिळा भिंतीतच राहिला. तो आता माझ्या पाठीमागे असतो, कारण ती खोली आणि ती खुर्ची माझी आहे. ठरल्याप्रमाणे मिळाली.

चौकशीला आलेली बाई माझ्याएवढीच असेल. तिनं एकच प्रश्न दोनदा विचारला. त्या तीस दिवसांत गोदामाकडून कुणी, कोणत्याही प्रकारे, काही बिघडल्याचं कळवलं होतं का? मी तक्ता पुढे केला. तिनं अठरा ओळी बोट लावून वाचल्या, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मान हलवली आणि तक्त्याची प्रत फाइलला लावली. माझं म्हणणं तिला पटलं. कंपनीनं रीत पाळली होती आणि बोंब कुणीच मारली नव्हती.

डिसेंबरात नोएमीनं त्याच्या नावानं पेटी पाठवली. सगळी सफरचंदं चांगली होती. मी एकेक काढून तळापर्यंत बघितलं.

त्यानं कळवलं होतं. अठरांतल्या त्या एकानं, कंपनीतल्या दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नाही ते, जेवता जेवता, हसत, मला स्पष्ट शब्दांत कळवलं होतं. हे ज्या दोघांना माहीत होतं त्यांपैकी एक मी आहे. फाइलमध्ये त्याच्या नावापुढे अजून माझ्याच हातचं आहे, झवाला, यकिमा, तक्रार नाही.